बाळासोची साक्ष

"खिशातनं एक रुपाया न काढता चारी खोल्यांवर नवी कौलं चढवून दावतो. न्हाय दावली तर मिशी उतरवीन," असं बाळासोनं उचगावच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं, तेव्हा टपरीवाल्यानं कपबशी पुसता पुसता नुसतं त्याच्या मिशीकडं बघितलं. मिशी पैजेला लावायची बाळासोची खोड जुनीच. कैक पैजा हरला होता बिचारा, मिशी मात्र जागच्या जागी होती.

या वेळी त्याच्या पाठीशी सरकार होतं. कमी कमाईची माणसं भाड्यानं राहतात अशी घरं दुरुस्त करायला सरकार पैसे देणार होतं. घर खरोखर मोडकळीला आलेलं पाहिजे आणि दुरुस्तीनंतर मालकानं काही वर्षं भाडं वाढवायचं नाही, एवढंच. फक्त या खेपेला गल्लीतल्या एकाच चाळीचं काम होणार होतं. बाळासोला त्याची काळजी नव्हती. वडिलांनी बांधलेल्या त्या चाळीत त्यानं उभ्या जन्मात एक खिळा ठोकला नव्हता. एवढं मोडकं घर गल्लीत दुसरं कुठलं असणार?

घाई मात्र होती. तानाबाईनं त्याला दम भरला होता. ही पहिल्या खोलीतली भाडेकरीण. नवरा फौंड्रीत, ही खानावळीत भाकऱ्या थापायला, आणि चाळीतल्या चारी बिऱ्हाडांत हिचा शब्द शेवटचा.

"दादा, मिरगाच्या आत कौलं बदला. न्हायतर आमी समदी समोर केरबादादांच्या खोल्यांत जातो."

"त्याच्या खोल्या काय गळत न्हाईत व्हय?"

"गळत्यात की. पन त्यो मानूस बोलतो तरी ग्वाड."

हे बाळासोच्या फार जिव्हारी लागलं. केरबा त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याचीही चाळ समोरच, तेवढीच जुनी, गळतीपायी निम्मी रिकामी. दोघांमध्ये एक गटार होतं, आणि त्या गटारावरनं दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. शिवाय बाळासोचा चहा, तंबाखू आणि सगळा संसार त्या चार खोल्यांच्या भाड्यावर चालायचा. बिऱ्हाडं गेली की सगळंच बसलं.

बाळासोनं अर्ज दिला. सरकारी साहेब चाळ बघायला येणार त्या दिवशी तानाबाईनं सगळी सूत्रं हातात घेतली. छपरावरचा प्लास्टिकचा कागद काढला, भिंतीच्या भेगा झाकणारी कॅलेंडरं उतरवली, आणि भर उन्हाळ्यात घरभर पातेली मांडली.

"आत्ता कुठं पाऊस हाय?" बाळासो म्हणाला.

"सायबाला कळाय नको व्हय, कुठं कुठं गळतंय ते? आनी दादा, तुमी आज बोलायचं न्हाय. सायब काय बी म्हनू दे, तुमी नुसतं व्हय म्हनायचं."

"व्हय," बाळासो म्हणाला.

साहेब आले. तरुण, सालस, नुकतेच बदलून आलेले इंजिनिअर. त्यांनी वर बघितलं. "छप्पर तर पार गेलंय."

"व्हय," बाळासो म्हणाला.

"आणि ही भिंतसुद्धा धोक्याची दिसते."

"व्हय."

तानाबाईनं पदर डोळ्याला लावला. काम फत्ते व्हायला आलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपणही काढलं होतं. तेवढ्यात दारात केरबा येऊन उभा राहिला.

"सायब, जरा जपून," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "आमच्या चुलत्यानं बांधलीया ही भिंत. मानूस लई चांगला, पन बांधकामातलं काय सुदीक कळायचं न्हाय. शिंकला तरी पडंल."

खरं तर बाळासोनं धावत जाऊन त्याच्या गळ्यात हार घालायचा. सरकारला हेच ऐकायचं होतं, आणि तेही सख्ख्या भावकीच्या तोंडून. तानाबाईनं त्याचा सदरा ओढला. "दादा, व्हय म्हना. म्हना की व्हय!"

पण राग आला की बाळासोची अक्कल खुंटीला टांगली जायची.

"माझ्या बाची भिंत पडंल म्हनतोस?" त्यानं भिंतीला सणसणीत लाथ घातली. भिंत हलली नाही. दुसरी घातली. चुनासुद्धा सांडला नाही. "बघा सायब! अख्ख्या उचगावात अशी भिंत घावायची न्हाय. आनी छप्पर म्हनत व्हतासा न्हवं? थांबा!"

तानाबाई "दादा, दादा" करेपर्यंत तो शिडीवरनं छपरावर पोचला आणि तिथं पाय आपटायला लागला. मांजर गेलं तरी सरकणारी ती कौलं, पण त्या दिवशी हट्टाला पेटल्यासारखी चिकटून बसली. एक वासा करकरला नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जुनं काम पण पक्कं आहे हो. याला सरकारी दुरुस्तीची काही गरज नाही."

"मग!" बाळासो वरून गरजला.

केरबाचाही अर्ज होता. साहेब गटार ओलांडून त्याच्या चाळीत गेले. बाळासो खाली उतरला आणि तसाच मागोमाग गेला. आता हिशेब चुकता करायचा होता.

"आता ह्याची बी बगा की सायब. ह्यो वासा, वाळवीनं खाल्लाय. ह्या दाराला बिजागरी न्हाय, सुतळीनं बांधलंय. ह्या भेगंतनं माझा हात जातोय, ह्यो बगा. पोरंबाळं ऱ्हात्यात हितं. उद्या अंगावर पडलं म्हंजे?"

केरबा हात जोडून उभा होता. "खरं हाय बाळू. तुज्यापासनं काय लपवायचं."

साहेबांचे डोळे पाणावायचे बाकी राहिले. "शेजाऱ्याच्या भाडेकरूंसाठी इतकी तळमळ मी कुठं पाहिली नाही. याच चाळीचं काम आधी झालं पाहिजे."

"झालंच पायजे," बाळासो छाती काढून म्हणाला. मग त्याला दिसलं, की गटाराच्या पलीकडं तानाबाई पायरीवर बसलीय आणि तिनं कपाळाला हात लावलाय. तेव्हा कुठं खुंटीवरची अक्कल खाली आली.

मिरगाच्या आत केरबाच्या चाळीवर नवी कौलं चढली. बाळासोची चारी बिऱ्हाडं पातेल्यांसकट गटार ओलांडून गेली. जाताना तानाबाई म्हणाली, "दादा, तुमच्यामुळंच पक्कं छप्पर मिळालं बगा. आयतवारी केरबादादा मटनाचं जेवान घालनार हायत. तुमाला पयलं बोलावलंय."

बाळासो जाणार नव्हता. पण तांबड्या रश्श्याचा वास गल्लीभर सुटला आणि तो गेला. जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला, वर बघून "कौलं जरा तिरकी बसल्यात" असंही म्हणाला, आणि घरी आला. रिकाम्या चाळीच्या पहिल्या खोलीत शिरून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हलक्या हातानं खुंटीला अडकवली.

खुंटी आली. खुंटीबरोबर वीट आली. विटेबरोबर वडिलांची अख्खी भिंत आली.

धुरळ्यात बाळासो मिशी झटकत उभा राहिला. गटारापलीकडनं केरबाचा गोड आवाज आला, "बाळू, भिंत पडली काय रं?"

"न्हाय," बाळासो ओरडला. "उजेडासाठी मोकळं कराय लागलोय."