आत्याचा शब्द कुठल्या वाटेने येतो

शनिवारी सकाळी टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुअलोफातल्या त्या घरात चौदा चटया होत्या, नऊ डुकरं होती, तीन पाद्री होते, एक शवपेटी होती आणि ऑकलंडहून आत्याचा आवाज यायला दोन वाटा होत्या. एक समुद्राखालच्या केबलची, ऐसपैस. दुसरी उपग्रहाची; चिंचोळी, केबल तुटलीच तर असावी म्हणून ठेवलेली. मेलेनाईते ज्या इंटरनेट कंपनीत होती तिथे या दोन्ही वाटा तीच सांभाळायची.

पेटीत तिचे वडील होते. रविवारी कुणी फावड्याला हात लावणार नव्हतं, त्यामुळे दफन आजच व्हायला हवं होतं. पण त्यांची थोरली बहीण, म्हणजे लुसेआने आत्या, हो म्हणाल्याशिवाय पेटी उचलायची नाही, आणि आत्या मांडीचं हाड मोडून ऑकलंडच्या इस्पितळात पडून होती.

दहा वाजता व्हिडिओ सुरू झाला. इकडचा आवाज केबलने तत्काळ जात होता. आत्याचा मात्र उपग्रहाच्या चिंचोळ्या वाटेत गर्दीत अडकत, नऊ सेकंदांनी येत होता. पाद्रींनी विचारलं, दुखतंय का. मग मेलेनाईतेचा भाऊ सेमिसी याने मोठी चटई पेटीत ठेवत विचारलं, बाबांबरोबर घालू का. "नाही," आत्या म्हणाली. त्याने चटई काढली. प्रार्थना कोण सांगेल, असं त्याने विचारलं, तर उत्तर आलं, "हो, घाल." चटई दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली.

"नाईते," सेमिसी हळूच म्हणाला, "बाबा हयात असते तर स्वतःच उठून बाहेर आले असते."

तिने लॅपटॉप उघडला. आपल्याकडे यायची प्रत्येक वाट शेजारच्या कंपन्यांना कळवावी लागते, आणि मध्ये कुठकुठल्या कंपन्या लागतात त्यांच्या नंबरांची यादीही. जिची यादी छोटी, ती वाट बरी. म्हणून उपग्रहाची वाट लांब दिसावी यासाठी तिने त्या यादीत आपल्याच कंपनीचा नंबर तीनदा लिहिला. मग सहादा. मग दहादा.

"दहादा लिहूनही ऐकत नाहीत?"

"लांबी कुणी बघतच नाहीये, दादा."

तेवढ्यात आत्याचा मुलगा फेलेति विमानतळावरून आला. सगळ्यांत शेवटी आला, पहाटेपासून बसलेल्यांना ओलांडून थेट पुढे जाऊन बसला आणि सगळ्यांत चांगली चटई त्याने काखेत मारली. कुणी चकार शब्द काढला नाही. टोंगात बापाच्या बहिणीचा आणि तिच्या मुलांचा मान सगळ्यांच्या वर; कोण काढणार?

मेलेनाईते त्याच्याकडे बघत राहिली. उपग्रहाची जोडणी विकणारी कंपनी ऑकलंडचीच होती, आणि इस्पितळाचं इंटरनेटही तिचंच. ती कंपनी आधी स्वतःची पसंती बघत होती, आणि तिची पसंती स्वतः विकलेल्या वाटेला. लांबीची पाळी आलीच तर त्यानंतर. हे टोंगात जन्मलेल्या मुलीला पहिल्या फटक्यात सुचायला हवं होतं. तिने जादाचे नंबर खोडले आणि त्या कंपनीने ठरवून दिलेली एक खूण वाटेला जोडली: हिला सगळ्यांत शेवटी धरा.

दीड मिनिटाने आत्याचे ओठ आणि आवाज जुळले.

"आता नीट येतंय का ऐकू?"

"हो, आत्या."

"चटई घाल. मग पेटी उचला. पण त्याआधी मला दोन शब्द बोलायचेत. सगळ्यांना खाली बसायला सांग."

पुढच्या सत्तेचाळीस मिनिटांत ऑकलंडहून आवाजाची एक लाख एकेचाळीस हजार पाकिटं निघाली. वाटेत हरवलेली: शून्य.