मॅकेंझीवाले सुभेदारकाका

दिवाळीच्या सुमारास आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत सुभेदारकाका घरोघर पेढे वाटतात. कशाचे म्हणून विचारलं, की म्हणतात, "मॅकेंझी गोठली!"

मॅकेंझी ही कॅनडाच्या पार उत्तरेतली नदी. एका अवाढव्य तळ्यातून निघते, जंगलं आणि ओसाड मुलूख तुडवत थेट बर्फाळ समुद्राला मिळते. काठावर गावं मोजकीच. हिवाळ्यात तिच्यावरून ट्रक धावतात. हे सगळं मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नाही. पण काका माझे शेजारी आहेत. मूळचे म्हसवडचे. फौजेत असताना पलटणीतल्या एका नकाशात त्यांना ही नदी दिसली आणि मग तिने त्यांना सोडलंच नाही.

"आपल्या नद्या पूर्वंला, न्हाईतर पश्चिमंला. ही बया सरळ उत्तरंला! लय हट्टी!" हे सांगताना काकांची छाती अशी फुगते, की नदी त्यांच्या पोटची वाटावी.

काकांच्या पुतणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या व्याह्यांनी सहज विचारलं, "तिला पूर येतो का हो?" झालं! काकांनी पत्रावळीवर भाताचा बांध घातला. "ह्यो उत्तरंचा बर्फ. अजून घट्ट. दक्षिणंचा आधी वितळला. मागनं पानी आलं, फुडं दार बंद. मग?" आणि आमटीची वाटी ओतली. पूर व्याह्यांच्या पांढऱ्या पँटवर गेला.

"समजलं?"

"समजलं," व्याही म्हणाले.

कॅनडात स्थायिक झालेल्या मुलीने आईबाबांना बोलावून घेतलं. तिला त्यांना धबधबा दाखवायचा होता. "बाबा, मॅकेंझीला बघण्यासारखं काही नाही हो."

"मग गर्दी नसंल. चल."

गुडघे दुखतात, थंडी सोसणार नाही, सगळं सांगून झालं. काका काकूंना घेऊन मे महिन्यात नदीकाठच्या एका छोट्या गावात जाऊन बसले. बर्फ फुटताना बघायचा होता. तो फुटेना. रोज सकाळी मला फोन: "अजून न्हाई." परतीचं तिकीट तोंडावर आलं. एरवी काकांना हसणारी गल्ली आता रोज मला विचारू लागली, "फुटला का?"

आणि एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ, पण ऊन लख्ख. तोफेसारखा आवाज झाला आणि घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत निघाले. काका कानटोपी उडवत ओरडत होते, "सुटली! सुटली रं!" इकडे आमच्या अंगणात टाळ्या, शिट्ट्या. ते परत आले त्या दिवशी गल्लीने हलगी लावली आणि काका गुडघे विसरून नाचले.

 दुसऱ्या दिवशी काकू शेंगा सोलत बसलेल्या दिसल्या, तेव्हा मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय आवडलं?"

"अगं, हे फौजेत आन् मी म्हसवडात. पोरगी कडंवर, घागर डोईवर. लांबच्या हिरीवरनं पानी. सुट्टीवर आलं की हे नुसतं बगायचे. बोलायचे काय न्हाईत." त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले. "काठ मोकळा झाल्यावर मला दगडावर बसवलं. म्हनले, 'तू उठायचं न्हाई. आज पानी मी आनतो.' आन् गुडघं धरत उतरले खाली. लोटाभर घिऊन आले."

"कसं होतं पाणी?"

काकू हसल्या. "गढूळ हुतं गं. मी सगळं प्याले."