बाकी काय

कडेगव्हाण नगरपालिकेच्या हद्दीत हाक मारली की माणूस आख्खा येत नाही; हाक मारणाऱ्याला जेवढा लागतो तेवढाच येतो. पूर्वी असे नव्हते. पूर्वी सहीपुरता बोलावलेला माणूस गुडघेदुखी, भाच्याचे लग्न आणि उसाच्या भावाबद्दलचे स्वतःचे मत असे सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन खिडकीशी यायचा, आणि मागची रांग ताटकळत राहायची. अशाने गाव चालणार कसे, असा प्रश्न सर्वसाधारण सभेत निघाला आणि टाउन हॉलच्या माडीवर यंत्र बसले.

यंत्राचे काम साधे होते. कोणी कोणाला बोलावले, आणि आलेल्यातले प्रत्यक्ष वापरले काय, एवढे ते बघत राही. पुढच्या खेपेला तेवढेच पाठवी. त्याला कोणी शिकवावे लागत नसे. वापर बघून त्याचे ते शिके. लवकरच बँकेत नुसत्या सह्या येऊ लागल्या, दवाखान्यात जिभा आणि दुखरे भाग, न्हाव्याकडे डोकी. नगरसेवकांकडे मतदारांची डावी तर्जनी तेवढी येई, आणि तीही निवडणुकीपुरती. सांत्वनाला जोडलेले हात आणि ‘झालं ते वाईट झालं’ हे वाक्य पोचे. कोणाची तक्रार नव्हती. एखाद्याचे न आलेले काही हवेच असेल, तर नाव घेऊन वेगळे मागवता येई. त्यासाठी मात्र जादा खेप पडे, आणि अशा खेपा वाढल्या की सगळ्या गावाचा खोळंबा होई.

अच्युतराव ढमढेरे हे या पुरवठा शाखेचे प्रमुख. ‘लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच’ हे यंत्रावर रंगवलेले वाक्य त्यांचेच, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. घरी ते ‘अगं’ म्हणत तेव्हा त्यांच्या पत्नीचे, कुमुदताईंचे, दोन हात कपबशी घेऊन येत आणि त्यांच्याबरोबर ‘झालाय’ हा शब्द येई. चहा झालाय, डबा झालाय. किल्ली कुठे ठेवली आहे हे माहीत असणेही येई, कारण तेही त्यांना रोज लागे. घर कसे ऐसपैस वाटे. संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, पण इथे दुसरे भांडेच येत नसल्यामुळे आवाजाचा प्रश्न मिटला होता. आपला संसार सुखाचा आहे असे अच्युतराव समजत, आणि तो तसा नाही हे सांगणारे काही त्यांच्यापर्यंत पोचलेले नव्हते.

मार्च उजाडला आणि निर्लेखनाचे दिवस आले. ज्याचा कोणीच वापर करत नाही ते सगळे स्टेशनमागच्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या गोदामात जाऊन पडे आणि मार्चअखेर तिथून निघे, ते कायमचे. यंत्र सांभाळणाऱ्या फरांदेबाई महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोदाम बघून आल्या आणि सरळ अच्युतरावांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

“साहेब, यंदा तुमच्या घरचा माल पुष्कळ आहे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी निघेल. तुमच्या कानावर घालावं म्हटलं.”

काय काय आहे, असे अच्युतरावांनी विचारले. बाईंनी मान हलवली. गोदामात डोकावता येत नाही. ज्याला हवे त्याने नाव घेऊन मागायचे. मागितले आणि वापरले, की ते निर्लेखनातून सुटले. आणि स्वतःचे स्वतःला मागता येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी ते हवे असावे लागते. हा नियम अच्युतरावांनीच घातला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

त्या दिवशी ते लवकर घरी गेले आणि मागायला बसले. कुमुदचे हसणे मागितले. ते लगेच आले, पण ते शेजारच्या बायकांच्या रोजच्या वापरातले होते, गोदामातले नव्हे. गाणे मागितले; असे काही नाही, असे उत्तर आले. माहेर मागितले, तर गावाचे नाव आणि सकाळच्या एसटीची वेळ आली, कारण तिला गाडीत बसवून देताना त्यांनी तेवढेच वापरले होते. मग रुसवा मागितला, आवडता रंग मागितला, लग्नातली आठवण मागितली. प्रत्येकाची वेगळी खेप होत राहिली. पाणीपट्टीच्या खिडकीवर लोक खोळंबले, आणि मुख्याधिकाऱ्यांनी निरोप धाडला की शाखाप्रमुखांनीच एका घरासाठी असे सुटे सुटे मागवत बसणे शोभत नाही.

सुटे मागवण्याचे त्यांना वाईट वाटत नव्हते. त्यांना भीती वाटत होती. जे जाणार आहे त्याचे नावच त्यांना ठाऊक नव्हते, आणि नाव ठाऊक नसलेली बायको त्यांच्याच घरातून सोमवारी निघून जाणार होती. त्यांनी समोरच्या हातांना विचारून पाहिले. “गोदामात तुझं काय आहे?” हातांनी कपबशी खाली ठेवली. “झालाय,” असे उत्तर आले.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी होती. अच्युतराव हताश होऊन बसले होते. पलीकडच्या टेबलावर वसुलीचा कारकून बहिणीशी फोनवर बोलत होता. “बरं, बाकी काय?” असे म्हणून त्याने लगेच “ठेवू मग?” म्हटले आणि फोन ठेवला. अच्युतराव उठले आणि जिना चढून माडीवर गेले. ‘बाकी काय’ असे कोणी विचारले तर यंत्र काय करते, असे त्यांनी फरांदेबाईंना विचारले.

“सुरुवातीला बाकीचं सगळं आणायचं,” बाई म्हणाल्या. “पण ते येईपर्यंत विचारणारं माणूस जागेवर नसायचं. मग यंत्र शिकलं. आता ते ‘बाकी काही नाही’ एवढंच पाठवतं.”

“आणि विचारणारा थांबला तर?”

“तसं अजून कोणी थांबलेलं नाही, साहेब.”

अच्युतराव घरी आले. त्यांनी चपला जागेवर ठेवल्या, ‘अगं’ म्हटले, आलेला चहा घेतला आणि विचारले, “बाकी काय?”

“बाकी काही नाही,” असे आले.

ते खुर्चीतून उठले नाहीत. कप रिकामा झाला तरी उठले नाहीत. थोड्या वेळाने नळाचे पाणी थांबले. न्हाव्याकडे एक डोके अर्धवट भादरलेले राहिले, बँकेत सह्या आडनावाशी येऊन अडल्या, आणि स्टेशनमागून माल घराकडे निघाला.

आधी डावा गुडघा आला, जिना चढताना कुरकुरणारा. मग विहिरीत डोकावण्याची लहानपणची भीती आली. स्कूटर शिकायची राहून गेलेली हौस आली. थोरल्या जाऊबाईंबद्दलचे मत आले, ते तिखटजाळ होते आणि अच्युतरावांना ते तंतोतंत पटले. दुपारी एकट्याने जेवताना भिंतीशी बोलायची सवय आली. जागा करण्यासाठी त्यांना खाट सरकवावी लागली. सगळ्यात शेवटी एक नाव आले. त्या दोघांना झालेली मुलगी बारशापर्यंत राहिली नव्हती. तिच्यासाठी ते योजलेले होते. कुमुदताईंनी ते कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

“मृण्मयी,” अच्युतराव मोठ्याने म्हणाले. नियमाप्रमाणे ते नाव वापरात आले आणि राहिले.

कुमुदताई आता आख्ख्या समोर उभ्या होत्या. त्यांनी घर नीट पाहून घेतले, डोळे पुसले आणि हाक मारली, “अहो.”

अच्युतराव उठून त्यांच्यापुढे आले, आणि पोचले ते एवढेच: चष्मा, पिशवी धरलेला हात आणि एक ‘हं’. कुमुदताईंनी इतकी वर्षे त्यांच्यातले तेवढेच वापरले होते, कारण बाकीचे अच्युतरावांनी कधी पुढे केलेच नव्हते. फरांदेबाई ‘तुमच्या घरचा माल’ म्हणाल्या होत्या, ‘वहिनींचा’ म्हणाल्या नव्हत्या, हे त्या चष्म्याला आत्ता समजले. अच्युतरावांना त्या नावाबद्दल काही सांगायचे होते. पण सांगणे त्यांच्याबरोबर आले नव्हते.

कुमुदताई स्वयंपाकघरात गेल्या, दुधाखालचा गॅस बंद केला आणि पाट घेऊन बाहेर आल्या. बाहेर गाव अजून थांबलेलेच होते. त्यांनी चष्म्यासमोर पाट मांडला आणि त्यावर बसल्या.

“बाकी काय?” त्यांनी विचारले.

“बाकी काही नाही,” असे आले.

कुमुदताईंनी डावा गुडघा हाताने धरून जरा सरळ केला आणि तशाच बसून राहिल्या.