खताची गरज नसलेले शेत

जो मातीशी प्रामाणिक राहतो त्याला माती कधी फसवत नाही, असे शास्त्रज्ञांचे ठाम मत होते. हे मत त्यांनी गोठ्यामागच्या सावलीत बसून, उकिरड्याशेजारची माती पिशवीत भरता भरता मांडले.

शास्त्रज्ञ म्हणजे एक एकर मक्याचे मालक. ही पदवी त्यांना शेजारीच शेत असलेल्या मेहुण्याने दिली होती, आणि तो टोमणा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. तपासणीसाठी शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन माती एकत्र करायची, असे कृषी अधिकारी बाईंनी बजावले होते. पण शेतात ऊन होते.

"अहो, ही शेतातली माती नाही," बायको म्हणाली.

"शेत माझं, उकिरडाही माझाच. मग माती काय परक्याची आहे?"

अहवाल आला. माती इतकी कसदार की यंदा खताची गरजच नाही! शास्त्रज्ञांनी चहाच्या टपरीवर तो इतक्यांदा वाचून दाखवला, की ते येताना दिसले की लोक अर्धा कप तसाच सोडून उठू लागले.

"निदान शेणखत तरी टाकू," बायको म्हणाली.

"पोटभर जेवलेल्याला पुन्हा पानावर बसवतेस?"

"रोपं फार दाट झालीत. विरळणी करू का?"

"राहू दे. सगळ्यांना पुरेल."

"आणि तण?"

"त्यालाही पुरेल."

पुरले फक्त तणाला. मेहुण्याने शेणखत घातले, वेळेवर विरळणी आणि खुरपणी केली, युरियाचा दुसरा हप्ता दिला. त्याचा मका डोक्याच्या वर गेला. शास्त्रज्ञांचा गुडघ्याशी येऊन पिवळा पडला. आणि नेमका तेव्हाच बाईंचा फोन आला: "तुमचं बिनखताचं शेत बघायला उद्या बाहेरगावचे पंचवीस शेतकरी घेऊन येतेय!"

शास्त्रज्ञांच्या तोंडचे पाणी पळाले. पीक गेले ते गेलेच, आता नावही जाणार! ते तडक मेहुण्याकडे गेले.

"एक दिवस तुझं शेत माझं म्हणू दे."

"आणि तुमचं?"

"ते तुझं."

मेहुणा लगेच कबूल झाला. इतक्या लगेच, की दुसऱ्या एखाद्याला संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी मंडळी मेहुण्याच्या मक्यात शिरली. बाईंनी त्यापूर्वी दोन्हींपैकी एकही शेत पाहिले नव्हते. त्या हरखून गेल्या.

"खत अजिबात नाही?"

"चिमूटभरही नाही," शास्त्रज्ञ म्हणाले.

"आणि ते पलीकडचं पिवळं कुणाचं?"

"आमच्या मेहुण्याचं," शास्त्रज्ञांनी उसासा टाकला. "विरळणी नाही, खुरपणी नाही. सांगून सांगून थकलो."

मेहुण्याने मान खाली घातली. "दाजींचं ऐकलं नाही बाई. माझंच चुकलं."

बाईंना गलबलून आले. "खचू नका हो! कार्यालयाकडे एकच योजना आहे. ज्याचं पीक सगळ्यात वाईट, त्याला पुढच्या हंगामाचं बियाणं, खत, सगळं फुकट. नाव तुमचंच लिहिते."

शास्त्रज्ञांचे तोंड उघडले. पंचवीस शेतकऱ्यांनी, आता ज्ञान मिळणार म्हणून, माना पुढे केल्या. उघडलेले तोंड पुन्हा मिटले.

घरी बायको म्हणाली, "जाऊन खरं सांगा बाईंना. अजून वेळ गेली नाही."

"सांगू काय? उकिरडा तपासून घेतला म्हणून?"

"मग खत जाऊ द्यायचं?"

"जाऊ दे. नाव तर राहिलं!"

महिन्याभराने पोत्यांनी भरलेला टेम्पो मेहुण्याच्या दारात येऊन उभा राहिला. मेहुण्याची कंबर धरली होती, त्यामुळे पोती शास्त्रज्ञांनीच उतरवली.