घरघंटीच्या पैशांची रायफल

नवऱ्याला एकट्याला बाजारात पाठवू नये, हे मनकर्णाबाईला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. (गूळ आणायला गेलेले रामकिसनराव तेव्हा पोपटाचा पिंजरा घेऊन आले होते. पोपट नाही, नुसता पिंजरा. स्वस्त होता म्हणे.) तरीपण त्या दिवशी गुडघा असा ठणकत होता की ती म्हणाली, "अहो, जा बरं तुम्हीच. घरघंटी घ्या, रिक्षात घाला, आणि रस्त्यात कुणाशी बोलत उभं राहू नका."

एवढंच चुकलं.

घरघंटीवर तिचा जीव का अडकला होता, तर सांडूमुळं. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सांडूची पिठाची गिरणी. सांडू ज्वारी, गहू, हरभरा असा भेदभाव करायचा नाही. आधीच्याचा गहू दगडातून निघायच्या आत तुमची ज्वारी वरून ओतून मोकळा. मग मनकर्णाबाईची भाकरी, जिचं नाव पिशोरपासून वैजापूरपर्यंतच्या पाहुण्यांत निघायचं, ती परातीतच रुसायला लागली. थापावी तर चिकटायची, उचलावी तर फाटायची. एकदा नणंद जेवायला आली आणि लाडानं म्हणाली, "वहिनी, वय झालं आता. हात पहिल्यासारखा नाही राहिला तुमचा."

हात! गिरणी सांडूची आणि नाव हाताला!

त्याच दिवशी तिनं ठरवलं, भिशी लागली की घरघंटी. आपलं दळण आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर. भिशी शेजारच्या जैतुनबीकडं जमायची. नंबर लागला तेव्हा पैसे हातावर ठेवत जैतुनबी म्हणाली, "ले मनकर्णा, अब सांडू की छुट्टी."

आणि संध्याकाळी रामकिसनराव रिक्षातून उतरले, ते एक लांबोडकं खोकं छातीशी धरून.

"ही अशी आडवी कशी?" मनकर्णाबाईनं विचारलं. "उभी असती ना घरघंटी?"

"आधी डोळे मिट."

"माझे मिटायची वाट बघू नका. उघडा ते."

आतून निघाली बंदूक. सैनिकाच्या खांद्यावर असते तसली, चांगली कमरेच्या वर येणारी.

"थ्री नॉट थ्री," रामकिसनराव म्हणाले. पाटबंधारे खात्यात जन्मभर टपालावर शिक्के मारलेला माणूस. आवाज मात्र सुभेदाराचा लागला होता. दुकानाच्या शेजारच्या मंगल कार्यालयात जुन्यापुराण्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. ते नुसतं बघायला म्हणून आत गेले होते.

"घरघंटी कुठंय?"

"फौजेत होती तश्शी हुबेहूब. वजन तेच. लाकूड अक्रोडाचं. हे बघ, बोल्ट कसा मागंपुढं होतो."

"आपल्या न्हाणीची कडी बी मागंपुढं होती. तिला कोण पैसे देतंय? गोळी उडती का हिच्यातून?"

"छे! ही खरी नाही. प्रतिकृती आहे."

"मग खरीपेक्षा स्वस्त असंल."

रामकिसनराव जरा घुटमळले. "तशी... महागच म्हणायची. शौकिनांची वस्तू आहे ना. थोड्याच बनवतात."

"न उडणारी, पण थोडी, म्हणून महाग! मग मी बी उद्यापासून न शिजणारी डाळ थोडी थोडी करते. बोलवा तुमचे शौकीन!"

आता यात रामकिसनरावांचीही एक दुखरी जागा होती, हे सांगायला पाहिजे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर फौजेची एक तुकडी पिशोरात थांबली होती म्हणे. त्यातल्या एका जवानानं त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या हातात फोटोपुरती रायफल दिली होती. आप्पासाहेब ताठ उभे राहिले, जवानानं रायफल परत घेतली, आणि फोटो काही आला नाही. या घराण्याचा बंदुकीशी संबंध तो एवढाच. पण रामकिसनराव लहानपणापासून तो न आलेला फोटो डोळ्यांपुढं घेऊन हिंडत होते.

मनकर्णाबाईला हे सगळं माहीत होतं. पण भाकरी फोटोवर थापता येत नाही. प्रदर्शन दसऱ्यापर्यंत आहे, आणि माल होता तसा असला तर विक्रेता परत घेतो, हे तिनं त्यांच्याकडून वकिलासारखं काढून घेतलं. गुडघ्याचा ठणका उतरला की आपण स्वतः जायचं. तोवर तिनं बंदुकीला 'प्लास्टिक', 'टिकल्यांची', 'पोरखेळ' असं म्हणून घेतलं. रामकिसनराव दर वेळी कळवळून म्हणत, "अक्रोड आहे गं, अक्रोड."

खंडेनवमीला सकाळीच तिनं पाटावर सगळी हत्यारं मांडली. विळी, कोयता, हातोडी, पान्हा, मिक्सरचं भांडं. अंगणात रामकिसनरावांची स्कूटर धुऊन उभी होती. पूजा झाली की बंदूक खोक्यात घालून थेट मंगल कार्यालय, असा बेत. बंदूक दिवाणावर निघायच्या तयारीत पडली होती.

तेवढ्यात समोरच्या आवडाबाई झेंडूची फुलं मागायला आल्या. या आवडाबाईंच्या दिरांकडं अजिंठ्याला लायसनची बाराबोर बंदूक होती, आणि ही गोष्ट गल्लीत ज्याला माहीत नव्हती असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"अगं माय, हे काय?" आवडाबाई दिवाणाशी वाकल्या. "नातवाला खेळणं आणलं व्हय? जत्रेत मिळती की असली. आमच्या अजिंठ्याच्या घरी—"

आता बघा, गेले कित्येक दिवस मनकर्णाबाई स्वतः हेच म्हणत होती. पण आपल्या नवऱ्याच्या वस्तूला आपण नावं ठेवणं वेगळं, आणि समोरच्या घरानं ठेवणं वेगळं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"खेळणं? सासऱ्यांची हाय ती! पोलीस ॲक्शनच्या टायमाची, अस्सल! तुमच्या बाराबोरनं आजवर एक कबुतर तरी उडवलं का?"

"अगं, पण ती तर—" पेपराच्या आडून रामकिसनराव.

"तुम्ही गप बसा! आप्पासाहेबांचा हात लागलाय तिला!"

आणि बोलणं नुसतं राहू नये म्हणून तिनं बंदूक उचलून पाटावर ठेवली, तेलात कालवलेलं कुंकू घेऊन दस्त्यावर पाच बोटं ओढली, वर हळद, वर झेंडूची माळ, आणि नारळ असा फोडला की अर्धं पाणी नळीवर. आवडाबाईंनी आ वासून मोबाईलवर फोटो काढला आणि फुलं न घेताच गेल्या.

रामकिसनराव फडकं घेऊन धावले. कुंकवाचं तेल अक्रोडात मुरलं होतं. पुसावं तसं पसरत होतं.

"आता कोण परत घेईल ही?"

"मग आधी नाही बोलायचं?"

"तू गप बस म्हणालीस."

"एरवी कधी ऐकता माझं? आजच बरं ऐकलं!"

तिथं घरघंटी बुडाली. पण गोष्ट तिथं थांबली असती तर मनकर्णाबाई आणखी काय मागत होती?

दसरा झाला, विधानसभेची निवडणूक लागली, आणि एका सकाळी एक हवालदार दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाईल, मोबाईलवर फोटो. फोटोत मनकर्णाबाई बंदुकीला ओवाळताना, आणि खाली आवडाबाईंनी हौसेनं लिहिलेलं: 'आमच्या गल्लीतली पोलीस ॲक्शनची अस्सल रायफल.'

"मावशी, निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात."

"जमा कशाला? खोटी हाय ती."

"फोटोत तर अस्सल म्हणलंय. शिवाय लायसनच्या यादीत काकांचं नाव नाही. म्हणजे तर जास्तच अवघड."

बघता बघता दारात गल्ली जमली. आवडाबाई पुढं. मागं जैतुनबी, आणि गिरणी बंद करून पिठानं पांढरा झालेला सांडू. रामकिसनरावांनी किमतीची पावती पुढं केली. हवालदारानं आकडा वाचला, परत वाचला आणि खुर्चीत बसला.

"काका, मला येडा समजता का? एवढे पैसे देऊन खोटी बंदूक कोण घेईल? एवढ्याची आहे म्हणजे खरीच असणार."

मनकर्णाबाईला जन्मात पहिल्यांदा पोलिसाचं बोलणं पटलं. पण पटून भागणार नव्हतं.

"खोटी हाय म्हणते ना! चालवून बघा. ह्यांच्यावरच चालवा!"

रामकिसनराव टुणकन फ्रिजमागं गेले.

"चालत नाही म्हणता, मग लपता कशाला?" हवालदार ओरडला.

शेवटी कुणीतरी खराट्याची काडी आणली. नळीत घातली. बोटभर गेली आणि अडली. पुढं सगळं भरीव. हवालदारानं डोळा लावून पाहिलं, दस्ता ठोकला, मान हलवली. "खेळणंच आहे की."

"अक्रोड आहे," फ्रिजमागून आवाज आला.

गल्ली हसली. आणि मग मनकर्णाबाईचं तोंड जे सुटलं! आधी आवडाबाई, त्यांचा मोबाईल आणि अजिंठ्याचं बाराबोर. मग हवालदार, ज्याला बायाबापड्यांच्या दारात यायला वेळ आहे. मग फ्रिजच्या दोन्ही बाजूंनी रामकिसनराव. सगळ्यात शेवटी तिला सांडू दिसला.

"आणि तू रं सांडू! हसतोस काय? समदं तुझ्यापायी झालं! तू दगड झाडला असतास तर पीठ बिघडलं नसतं, पीठ बिघडलं नसतं तर घरघंटी लागली नसती, घरघंटी लागली नसती तर ह्यांना बाजारात सोडलं नसतं! पोलीस घरात आले ते तुझ्या गिरणीतून आले!"

हवालदारानं टोपी घातली आणि चहाला नाही म्हणून निघाला.

पुढच्या दळणाला ती मान खाली घालून डबा घेऊन गिरणीवर गेली. घरघंटी नाही, पैसे नाहीत, शिवाय गल्लीत हसं. पण सांडू तिला बघताच उठला. रांगेतले डबे बाजूला सारले, दगड उघडला, कुंचल्यानं कोपरान्‌कोपरा झाडला, आधी मूठभर ज्वारी दळून फेकून दिली, आणि मग तिची ओतली. त्या दिवशी भाकरीला असा पापुद्रा सुटला की तिचे डोळे भरून आले. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

मनकर्णाबाईनं विचार केला. बंदूक खोटी निघाली खरी, पण तिच्यापायी पोलीस घरी येऊन गेले, त्याचा वचक बसलाच. तिनं स्वतः स्टुलावर चढून बंदूक टीव्हीच्या वर टांगली.

"फिटले पैसे," ती म्हणाली. "घरघंटीनं केलं असतं तेच केलं हिनं."

रामकिसनराव इतके फुगले की त्यांनी दिवसभर चहा मागितला नाही.

मोठ्या मनानं एके दिवशी ती सांडूला म्हणाली, "एवढं भिऊ नको रं बाबा. बंदुकीतून गोळी उडत नाही."

सांडूनं डबा दोन्ही हातांनी पुढं केला आणि चार पावलं मागं सरकला.

"ठावं हाय की काकू. खराट्याची काडी मीच आणून दिलती. बंदुकीला कोण भितंय? तिला आवाज कुठं हाय?"