हडसरच्या वहाणा

आमचे शेजारी रावजीनाना वहाण घेण्याआधी तिची परीक्षा घेत. दिवाळी सरून जुन्नरवर सकाळचं धुकं उतरू लागलं, की ते अंगणात फळी तिरपी लावत, तिच्यावर वाळलेलं गवत पसरत आणि नव्या वहाणा घालून डोळे मिटून उभे राहत. धुक्यात ते अर्धेच दिसत. "डोंगरावर दगूड घात करत न्हाई, राव. वाळलं गवात करतं," असं त्यांचं म्हणणं.

यंदा हडसरचा किल्ला चढायचा, सकाळी जाऊन दिवेलागणीला परत, हा त्यांचा दर हिवाळ्याचा बेत. त्यासाठी वहाणा शिवणाऱ्या सखारामने तळाला खिळे ठोकून द्यायचे आणि नानांनी नापास करायचे. "हिचा सोभाव बघू द्या," म्हणत आठवडे जात. एकदा त्यांनी कुणा साहेबाच्या बटलरकडून खिळ्यांचे जुने बूट आणले. ते घालून फळीवरून निघाले ते थेट माझ्या तुळशीपाशी येऊन आदळले. पडल्या पडल्या म्हणाले, "बूट बरं हायेत, पन पायाला इचारत न्हाईत." पुढे परीक्षेचं गवत माझ्या गाईने खाल्लं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

निवड होईतो शिमगा येई. "आता ऊन झालं. फुडल्या साली," म्हणून नाना मोकळे. आम्ही गल्लीभर हसायचो.

अबोला सुटावा म्हणून एका दुपारी मी गवताची पेंढी घेऊन त्यांच्या घरात शिरलो. पाय गेल्यापासून नानांची बायको, आमच्या काकू, बाजेवरच असत. नाना जमिनीवर बसून नव्या वहाणा काकूंच्या पायांत चढवत होते. काकूंचं माहेर घाटघर. हडसरच्या माथ्यावरून तो मुलूख दिसतो. मरण्याआधी एकदा तो बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि त्यांना सोडून एकट्याने चढणं नानांच्या मनातच नव्हतं.

"सावकाश. हितं गवात हाये," नाना त्यांचं पाऊल हातात धरून म्हणाले.

काकूंचे डोळे मिटलेले होते. "आलो का वर?"

"आलो."

"माजं घर दिसतंय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिसतंय, काकू," मी म्हणालो. "चुलीचा धूर निघतोय."

काकू हसल्या. "मग वाईच बसू हितंच," त्या नानांना म्हणाल्या. "खाली जायची घाई न्हाई."