आल्याच्या बिअरचा उद्घाटन समारंभ

आपल्याकडे कोणतीही गोष्ट नुसती उघडत नाही, तिचं उद्घाटन व्हावं लागतं. पूल असो, पिठाची गिरणी असो की सार्वजनिक मुतारी, पाहुण्यांनी फीत कापेपर्यंत ती बंदच असते (मुतारीच्या बाबतीत जरा जड जातं, पण नागरिक समजूतदार आहेत). या शिस्तीमुळेच आपला तालुका पुढे गेला.

लोणी भापकरच्या कौसल्याला हे ठाऊक नसावं. तिनं घरी आल्याची बिअर करायला घेतली. किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत आंबवायचं, फसफसायला लागलं की लिंबू पिळून बाटल्यांत भरायचं. नावात बिअर असली तरी पिणारा शुद्धीवर राहतो. आधीच्या सगळ्या खेपा नासल्या. एकीला तर म्हशीनंही तोंड लावलं नाही. ही खेप मात्र साधली, आणि कौसल्याला इतका आनंद झाला की तो चारचौघांना दिसला. गावानं लगेच संस्था काढली.

आल्याची बिअर उत्पादक सहकारी संस्था (नियोजित). अध्यक्षपदी कौसल्याचे चुलत सासरे आबाजी बिनविरोध. सचिव मी. संचालक मंडळावर उसातले, दुधातले आणि मंडप-डेकोरेशनमधले जाणकार घेतले. आल्यातलं कुणी घेतलं नाही, कारण तज्ज्ञ आले की मतभेद होतात. कौसल्या निमंत्रित सदस्य (मताचा हक्क नाही, चहा करण्याचा आहे). बाटल्यांची खोकी संस्थेची मालमत्ता म्हणून आबाजींच्या खोलीत कुलूपबंद झाली. एक बाटली तेवढी तिनं घरी लपवून ठेवली होती.

उद्घाटनासाठी इंदापूरचे हिंदुराव ठरले. ते कशाचे तरी माजी उपाध्यक्ष आहेत. त्यांची तारीख काही मिळेना, आणि इकडे एप्रिलचं ऊन तापत चाललेलं.

"आबा, बाटल्यांची हवा रोज जरा सोडावी लागती," कौसल्या म्हणाली. "न्हायतर फुटत्याल."

"पाव्हण्यांच्या आधी उघडायच्या? लोक काय म्हणत्याल?"

"आवो, काच हाय ती! किती खेपा वाया गेल्या तवा ही जमलीय."

"ठराव झालाय, पोरी."

ठराव खरोखरच झाला होता, मीच लिहिला होता. त्यानुसार आंबण्याची क्रिया पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत स्थगित करण्यात आली होती. प्रत खोक्यांवर डकवली, पण आतल्या बुडबुड्यांनी दखल घेतली नाही. कौसल्या रोज येऊन कुलपापाशी उभी राही आणि डोळे पुसत परत जाई. मला फार वाईट वाटे. मात्र सचिवाला वाईट वाटण्याची तरतूद उपविधीत नाही.

अखेर हिंदुराव आले. खोकी गोणपाटात गुंडाळून व्यासपीठाखाली ठेवली होती. 'आलं आणि राष्ट्र' या विषयावर ते बोलायला लागले आणि पहिली बाटली फुटली. आपल्या स्वागताचे फटाके समजून हिंदुरावांनी हात जोडले. दुसरी फुटली, पुन्हा जोडले. मग लागोपाठ फुटत गेल्या आणि ते चारी दिशांना वाकून नमस्कार करत राहिले. गोणपाटामुळे कुणाला इजा झाली नाही. इतका भव्य सत्कार आयुष्यात झाला नव्हता, असं म्हणून त्यांनी भिजलेल्या धोतरानिशी फीत कापली.

वार्षिक अहवालात मी लिहिलं: उत्पादन समाधानकारक, वितरण मंडपाच्या छतापर्यंत. चौकशी समितीनं आल्याच्या उतावीळपणावर ठपका ठेवला.

समारंभ संपल्यावर कौसल्या घरची ती बाटली घेऊन आली. हिची हवा ती रोज सोडत होती. "कुणी चव बघतंय का?" तिनं विचारलं. सगळे हिंदुरावांबरोबर फोटो काढण्यात गुंतले होते. मग ती मंडपाच्या कडेला बसली आणि पेल्यात ओतून एकटीच प्यायली.

कशी झाली होती, हे तिला कुणीही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा इथवर वाचत आलात ते बाटल्या कधी फुटतात एवढंच बघायला. संचालक मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्ही पात्र आहात, अर्ज करा.